नऊ नावांची खोली

वेधशाळेच्या श्रवणकक्षात मोबाइल चालत नसे, पंखा चालत नसे आणि हेमलता वऱ्हाडपांडे यांच्या मते तिथल्या शास्त्रज्ञांचे कानही फारसे चालत नसत. हे शेवटचे मत त्यांनी अजून कुणाला बोलून दाखवले नव्हते. रेडिओ केंद्रावर तेहतीस वर्षे ध्वनिमुद्रण करून निवृत्त झालेल्या बाईला त्रेसष्टाव्या वर्षी कुणी पुन्हा आवाज ऐकायला बोलावते, याचेच त्यांना नवल वाटत होते, आणि नवलाईच्या दिवसांत माणसाने तोंड आवरून असावे.

माणदेशातल्या उघड्या माळावर रेडिओ दुर्बिणीच्या चौतीस तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांच्याभोवती तीन किलोमीटरचे मौनक्षेत्र आखलेले होते. त्याच्या आत फोन, रेडिओ, बिनतारी असे काहीही चालवायचे नाही, असा कडक नियम होता, कारण लांबच्या ताऱ्याची कुजबुज ऐकायची तर घरातल्यांनी गप्प बसायला हवे. संध्याकाळी चार वाजता वेधशाळेची जीप दहिवडीला जायची. हेमलताबाई रोज तिच्यातून मौनक्षेत्राच्या हद्दीवरच्या फाटकापर्यंत जात, उतरत, फोन सुरू करत आणि एक मजकूर पाठवून तीन किलोमीटर चालत परत येत.

तो मजकूर रेडिओतल्या जुन्या सहकाऱ्यांच्या गटावर जाई. गटाचा रिवाजच तसा होता. सकाळी उठल्यावर प्रत्येकाने आपण आज काय ऐकतो आहोत आणि का, एवढे दोन ओळींत लिहायचे. ‘आज सारंगी ऐकतोय, कारण नातीला ताप आहे आणि घरात कुणाला बोलायचं नाही,’ असे कुणी लिहायचे. मग त्यावर थट्टामस्करी चालायची. गटात अजूनही अकरा नावे होती. त्यांतले चौघे वारले होते. त्यांची नावे काढायची कुणी, या संकोचात ती राहून गेली होती. बाकीचे हळूहळू गप्प झाले. दोन वर्षे एकट्या हेमलताबाईच लिहीत होत्या आणि कुणी वाचते की नाही, हे बघायचे त्यांनी सोडून दिले होते.

त्या सोमवारी श्रवणकक्षात संकेतविज्ञानाचे प्रमुख डॉ. असीम तांबोळी आले ते खुर्चीवर न बसताच म्हणाले, “बाई, एकच.”

“एकच काय?”

“नाव. कालच्या पुडक्यात एकच नाव आलंय.”

तेवीस प्रकाशवर्षांवरच्या एका फिकट तांबूस ताऱ्याकडून चौदा महिन्यांपूर्वी संकेत यायला लागले होते. एकेका संदेशाला इथे सगळे पुडके म्हणत. प्रत्येक पुडक्यात तीन गोष्टी असत. आधी सुरांची एक रचना, कारण स्वरांमधली प्रमाणे इतकी नेटकी होती की त्याला संगीत म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हते. मग नऊ छोट्या खुणा. आणि शेवटी तीन मिनिटांचा कसला तरी साधा आवाज, काहीतरी घासत चालल्यासारखा, मध्येच ठक्क असा. त्या नऊ खुणा म्हणजे नऊ ताऱ्यांचे पत्ते असावेत, असे धरून विद्वानांनी सहा महिने आभाळ पालथे घातले. हेमलताबाई कामावर आल्या तेव्हा तिसऱ्या दिवशी भोजनगृहात पिठल्याचा घास हातात ठेवून त्या म्हणाल्या होत्या, “अहो, ही फर्माईश आहे. गाणं, मग फर्माईश करणाऱ्यांची नावं, आणि मग कारण.”

सगळे हसले होते. तांबोळी तेवढे हसले नव्हते. “कारण म्हणजे?” त्यांनी विचारले होते.

“हे मी ऐकतोय, आम्ही एवढे जण आहोत, आणि याच्यासाठी ऐकतोय. ओळखदेख नसलेल्याला माणूस आणखी काय सांगणार? कारण शब्दात सांगितलं तर आपल्याला कळणार नाही, म्हणून त्यानं आपल्या खोलीतला आवाजच पाठवलाय. बघा, मी अशा ठिकाणी बसून हे ऐकतोय.”

नऊ खुणा नेहमी त्याच क्रमाने येत, घरच्या माणसांची नावे यावीत तशा. ताऱ्यांच्या पत्त्यापेक्षा हे बरेच सरळ होते. पुढच्या महिन्यापर्यंत सगळ्यांनी ते मान्य केले आणि आपल्यालाच सुचल्यासारखे बोलू लागले.

पण गेल्या अकरा आठवड्यांत नावे गळू लागली होती. नवाची आठ झाली, आठाची सात, आणि काल एकच नाव राहिले होते, पहिले.

“समितीची बैठक गुरुवारी आहे,” तांबोळी म्हणाले. “उत्तर पाठवायचं की नाही यावर. मोठा प्रक्षेपक चार दिवस लावावा लागतो, अर्ध्या जगाचे वेध थांबतात. आता ते नाहीच म्हणणार. नऊ होते, मरत मरत एक राहिला. आपलं उत्तर तेवीस वर्षांनी पोचणार. तिथं घ्यायला कोण असेल?”

हेमलताबाईंना एकदम फार वाईट वाटले, आणि ते वाईट वाटणे नुसते दूरच्या कुणासाठी नव्हते. एकट्याने नाव सांगायला किती बळ लागते, हे त्यांना ठाऊक होते. आणि ते सांगितल्यावर पलीकडून काहीच आले नाही तर काय, हेही त्यांना हल्ली रोज फाटकावर ठाऊक होत होते.

त्यांनी कालचे पुडके लावले. सूर ऐकले. मग कारण ऐकले. घासत चालणे, ठक्क, पुन्हा घासणे. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“हा आवाज कोरडा आहे.”

“धुतलेला आहे ना. सगळेच धुतो. आधी ध्वनिशोधन करतो, त्यात खरखर आणि प्रतिध्वनी निघून जातो. मग मूळ आवाज स्वच्छ मिळतो, अभ्यासाला बरा.”

“प्रतिध्वनी काढून टाकता तुम्ही?”

“तो तर खोलीचा असतो बाई, आवाजाचा नसतो.”

“काखेत कळसा नि गावाला वळसा,” हेमलताबाई म्हणाल्या, आणि तीन महिने आवरलेले तोंड अखेर सुटले. “अहो, खोलीच तर पाठवलीय त्यानं! आणि तुम्ही ती पुसून आवाज जपून ठेवलात. न धुतलेलं आणा. पहिलं आणि शेवटचं.”

तांबोळी ओशाळून गेले आणि मूळ फिती घेऊन आले. हेमलताबाईंनी डोळे मिटून दोन्ही ऐकल्या, पुन्हा ऐकल्या. ठक्क या आवाजानंतर खोली घुमत होती आणि घुमणे हळूहळू विरत होते.

“हे विरायला किती वेळ लागतो ते मोजता येईल?”

“प्रतिध्वनिकाल? येईल की.” तांबोळींनी मोजले. “पहिल्या पुडक्यात दोन पूर्णांक तीन दशांश सेकंद. शेवटच्यात... दोन पूर्णांक तीन. म्हणजे खोली तीच आहे. यात नवीन काय?”

“तुम्ही कधी नाटकाच्या रिकाम्या थिएटरात बोललाय? आवाज घुमतो. तेच थिएटर संध्याकाळी भरलं की आवाज बसतो. माणसाचं अंग, कपडे, सगळं आवाज पितं. आम्ही तालमीला आवाज लावायचो आणि प्रयोगाला पुन्हा लावायचो, ते याचसाठी. आता सांगा. पहिल्या पुडक्यात खोलीत नऊ जण होते, शेवटच्यात एक. मग शेवटची खोली जास्त घुमायला नको?”

तांबोळी आता खुर्चीवर बसले. “त्यांची शरीरं आवाज पीत नसली तर? दगडासारखी असली तर?”

“मीही आधी तेच म्हटलं. हे ऐका. ते घासत चालणारं जेव्हा जवळ येतं, तेव्हा घुमणं बसतं. लांब गेलं की उघडतं. म्हणजे त्याचं अंग आवाज पितं. एकटा एवढा पितो, तर आणखी आठ जणांनी किती प्यायला हवा होता?”

“आठ जण दुसऱ्या खोलीत असतील. दुसऱ्या गावात.”

“असतील. दोनशे बारा पुडकी आहेत. दुसऱ्या कुणाची चाल एकदा तरी ऐकू येते का, ते शोधा.”

तांबोळींनी दोन दिवस शोधले. दोनशे बारा पुडक्यांत प्रतिध्वनिकाल तसूभर बदलला नव्हता. चाल एकाचीच होती. दार एकदाही वाजले नव्हते. बुधवारी दुपारी ते आकड्यांचा कागद घेऊन हेमलताबाईंबरोबर संचालक डॉ. रागिणी अवचट यांच्या खोलीत गेले. अवचट मॅडम बुद्धीने तल्लख आणि स्वभावाने घाईच्या होत्या. त्यांनी कागद उभ्या उभ्या वाचला.

“म्हणजे पहिल्यापासून एकच होता? कुणी मेलंच नाही?”

“या चौदा महिन्यांत तरी नाही,” तांबोळी म्हणाले. “नावं कमी झाली, जीव कमी झाले नाहीत. तेव्हा सगळे मरत चाललेत, हे समितीचं गृहीतकच चुकलंय.”

“तर्क ठीक आहे. पण तांबोळी, समिती मला एकच गोष्ट विचारेल. एकटा असून कुणी नऊ नावं का देईल? फसवायला?”

तांबोळींनी हेमलताबाईंकडे पाहिले. हेमलताबाईंचे उत्तर बावन्न वर्षांपूर्वीच तयार होते, फक्त कुणी विचारले नव्हते.

“माझे वडील पाटबंधारे खात्यात होते,” त्या म्हणाल्या. “एका धरणाच्या वसाहतीत आम्ही राहायचो. साठ क्वार्टर्स होती. धरण पुरं झालं आणि सहा महिन्यांत सगळी वसाहत उठली. दरवाजे सांभाळायला एकटे माझे वडील तिथं ठेवले. एकोणसाठ रिकाम्या घरांत एक आमचं. मी अकरा वर्षांची होते. दर गुरुवारी रेडिओवर फर्माईशीचा कार्यक्रम लागायचा, त्याला मी पोस्टकार्ड टाकायचे. कार्डावर लिहायचे, हेमलता, शकू, विजू, रेहाना, बबन, सिंधू, मोठा दिलीप, छोटा दिलीप आणि मंगल.”

“नऊ,” तांबोळी हळूच म्हणाले.

“नऊच होती. योगायोग म्हणा. ती सगळी पोरं बदलीच्या ट्रकांतून निघून गेली होती. पण एकटीचं नाव कसं लिहायचं? बाकीच्या कार्डांवर घरभर माणसं असायची. निवेदक दमून जायचे वाचून. मी काही खोटं लिहीत नव्हते मॅडम. नावं खोटी नव्हती. माणसं तिथं नव्हती, एवढंच.”

अवचट मॅडम आता बसल्या होत्या. “मग?”

“मग एकेकाचा चेहरा आठवेनासा झाला. आधी छोटा दिलीप गेला. चेहरा आठवला नाही की नाव गाळायचे, नाहीतर मनाला लागायचं. दीड वर्षात माझं एकटीचं राहिलं. ते कार्ड मी महिनाभर पेटीत टाकलंच नाही. शेवटी टाकलं. निवेदकानं वाचलं, ‘फर्माईश केली आहे हेमलता...’ आणि थांबला. पुढची नावं येणार अशा सवयीनं थांबला. मला वाटलं, आता हा हसणार. मग तो म्हणाला, ‘हेमलता यांनी’, आणि गाणं लावलं. नेहमीसारखंच पूर्ण वाजवलं.”

अवचट मॅडमनी आकड्यांचा कागद टेबलावर ठेवला.

“त्यानं नसतं वाजवलं तर मी परत कधी कार्ड टाकलं नसतं,” हेमलताबाई म्हणाल्या. “हे जे कोणी आहे ना, त्यानं आता एकट्याचं नाव सांगितलंय. मला एवढंच म्हणायचंय.”

गुरुवारी समितीने साडेचार तास काथ्याकूट केला. आठवणीला शास्त्रात मत नसते, पण प्रतिध्वनिकालाला असते, आणि दोनशे बारा आकड्यांपुढे कुणाचे काही चालेना. मरणाऱ्या जमातीला उत्तर देण्यात अर्थ नव्हता. पण तिथे एक जीव होता, पहिल्या पुडक्यात होता तसाच शेवटच्यातही होता, आणि तो थकत चालल्याचे एकही चिन्ह नव्हते. उत्तर पाठवायचे ठरले. ते पुडक्याच्याच धाटणीचे असावे, म्हणजे आधी सूर, मग नावे, मग कारण, हेही ठरले. आणि मग अवचट मॅडमनी नावांची यादी आणून हेमलताबाईंच्या हातात ठेवली. समितीच्या सदस्यांची होती. समिती नऊ जणांची होती.

हेमलताबाईंना हसू आवरेना. “यांतले इथं किती जण आहेत?”

“इथं? कुणीच नाही. एक जिनिव्हात, एक बंगळुरात...”

“मग तो ओळखेल. ज्यानं स्वतः रिकाम्या खोलीतून नऊ नावं पाठवली, त्याला दुसऱ्याची रिकामी खोली ऐकू येणार नाही होय? पहिल्या ठक्कला कळेल त्याला. त्यानं आत्ता कुठं खरं सांगितलंय, आणि आपण पलटून त्याचीच जुनी थाप त्याला मारायची?”

अवचट मॅडमनी यादी परत घेतली. ती त्यांनी समितीला कशी समजावली, हे कळायला मार्ग नाही. शुक्रवारी सकाळी त्यांचा निरोप आला. ध्वनिमुद्रणाच्या वेळी खोलीत जो असेल, त्याचेच नाव जाईल.

अर्थात ते हेमलताबाईंचेच असणार होते. खोली त्यांनी स्वतः निवडली. वेधशाळेत मुद्रणासाठी गाद्या लावलेली सुंदर खोली होती, ती त्यांनी नापसंत केली, कारण गादीबंद खोलीत माणूस एक काय नि दहा काय, ऐकणाऱ्याला सारखेच. तबकड्यांच्या मागे दगडी गोदाम होते. त्यात एक लाकडी टेबल आणि दोन खुर्च्या ठेवल्या. तांबोळींनी यंत्र मांडले. हेमलताबाईंनी आत एकटे बसून टेबलावर पितळी भांडे आपटून पाहिले. दोन पूर्णांक एक दशांश सेकंद.

“सूर कुठले पाठवायचे?” तांबोळींनी विचारले. “समितीनं तीन रचना सुचवल्यात. सर्वोत्तम आहेत.”

“त्या मी ऐकते आहे का? गेले चार दिवस मी त्याचेच शेवटचे सूर ऐकतेय. सकाळी, चहा करताना, चालताना. काय ऐकतेस असं विचारलं तर खरं उत्तर तेच आहे. आणि फर्माईश आली की तीच वाजवतात, आपल्या आवडीची नाही.”

सूर आधीच भरून झाले. मग नावाची खूण भरली, एकच. राहिले होते कारण. चार वाजायला आले होते आणि बाहेर जीप उभी होती. तांबोळी दर शुक्रवारी तिने दहिवडीला आणि तिथून फलटणला घरी जात. बायको आणि दोन मुली तिथे होत्या आणि या माणसाने मौनक्षेत्रातली सात वर्षे त्या शुक्रवारांच्या आधारावर काढली होती.

“तुम्ही निघा,” हेमलताबाई म्हणाल्या. “बटण दाबलं की झालं. तीन मिनिटांचं तर काम आहे. ते रेडिओत मी सोळा हजार वेळा केलंय.”

“तुम्ही आज फाटकापर्यंत येणार नाही? रोज जाता ना.”

“नाही. आज नाही.”

तांबोळी दारापर्यंत गेले. “बाई, एक विचारू? रोज काय पाठवता तिथून?”

हेमलताबाईंनी भांड्यावरून बोट फिरवले. “काय ऐकलं आणि का ऐकलं ते. रेडिओतल्या जुन्या लोकांना.”

“काय म्हणतात ते?”

“अकरा नावं आहेत,” हेमलताबाई म्हणाल्या, आणि मग काही घाई नसताना घाईघाईने यंत्राकडे वळल्या.

तांबोळी दोनशे बारा पुडकी मोजलेला माणूस होता. नावे किती आणि खोलीत किती, हे वेगळे असू शकते, हे त्याला आता नव्याने शिकवायला नको होते. त्याने दार आतून लावून घेतले आणि दुसऱ्या खुर्चीवर येऊन बसला.

“अहो, जीप!”

“उद्या सकाळी दुधाची गाडी आहे.”

“घरी वाट बघतील. आणि नावाची खूण भरून झालीय. आता तुमचं घालायचं तर सगळं पुन्हा करावं लागेल.”

“नाव राहू द्या,” तांबोळी म्हणाले. “त्याला ऐकू येईल.”

हेमलताबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत, कारण पदराचा आवाज झाला असता आणि बटण त्यांनी एव्हाना दाबले होते. त्यांनी पितळी भांडे उचलून टेबलावर आपटले. ठक्क. दगडी खोली घुमली आणि शांत झाली. समोरच्या पडद्यावर आकडा आला. एक पूर्णांक नऊ.

तेवीस वर्षांनी हे तिथे पोचणार होते. तेव्हा त्या सहाऐंशी वर्षांच्या असतील, किंवा नसतील. उत्तराचे उत्तर त्यांच्यासाठी नव्हतेच. पण तिकडे कुणीतरी आधी एक नाव ऐकेल, मग ते भांडे ऐकेल, आणि घुमणे जरा लवकर बसले आहे, हे त्या कानांना ताबडतोब कळेल. त्याने नऊ नावे पाठवली होती आणि खोलीत एक जण होता. इथल्या यादीत एक नाव होते आणि खोलीत दोघे होते.

तिसरे मिनिट संपत असताना बाहेर चालकाने दोनदा हॉर्न दिला, थोडा वेळ वाट पाहिली आणि जीप सुरू केली. तिचा आवाज माळावरून लांब लांब गेला आणि तोही मुद्रणात उतरला. हे पुसायचे का, असे तांबोळींनी हाताने विचारले.

हेमलताबाईंनी मानेने नको म्हटले. कारणात तेही आलेच होते.